माळ्यावरची शेगडी

गेल्या वर्षी जुलै महिन्यात धुळ्याहून आमच्या ताईचा फोन आला. "अरे, दारात भंगारवाला उभा आहे. मायची जुनी शेगडी माळ्यावर पडून आहे, ती देऊन टाकू का? ऐंशी रुपये म्हणतो." आम्ही ऑफिसात होतो. पुढ्यात पावत्यांचा गठ्ठा, शेजारी साहेबांची हाक. "देऊन टाक" असेच तोंडाशी आले होते, पण निघाले ते भलतेच. "थांब, एकतीस तारखेला येणंच आहे. तेव्हा बघू."

खानदेशातल्या वाचक बंधू-भगिनींना एकतीस जुलै म्हणजे काय हे सांगायला नको. बाबासाहेबांच्या धुळे भेटीची आठवण म्हणून त्या दिवशी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर माणसांची रीघ लागते. आम्हीही दरवर्षी जळगावहून सहकुटुंब जातो, रात्री ताईकडे मुक्काम करतो आणि सकाळच्या एसटीने परततो. या वेळी परतताना आमच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली ती शेगडी होती. कंडक्टरने दोनदा विचारले, "यात सिलिंडर नाही ना?" आम्ही गोणपाट सोडून दाखवले. आत काय होते म्हणता? पत्र्याला भोके पडायची तेवढी राहिली होती. मूळचा राखाडी रंग एका कोपऱ्यात टिकलेला, बाकी सगळा तांबूस गंज. एरंडोल येईपर्यंत आमची पांढरी पँट विटकरी झाली. सहचारिणी खिडकीबाहेर बघत होत्या. बोलल्या काही नाहीत, पण त्यांचे न बोलणे आम्हाला वीस वर्षांपासून वाचता येते.

ही शेगडी आमच्या घरी १९९४ साली आली. वडील जिनिंगमध्ये कामाला, माय हंगामात कापूस वेचायला जायची आणि एरवी जे मिळेल ते काम करायची. त्याआधी आमच्याकडे चूल होती. पऱ्हाट्या आणि तुराट्या हेच आमचे सरपण. माय वेचणीहून परतताना डोक्यावर भारा आणायची. पावसाळ्यात पऱ्हाट्या ओल्या झाल्या की घरात असा धूर कोंडायचा की आम्ही भावंडे पाट्या घेऊन दारात जाऊन बसायचो. माय मात्र आतच. तिचे डोळे कायम लाल असत आणि आम्हाला वाटे की मोठ्या बायकांचे डोळे असेच असतात. रॉकेलचा स्टोव्हही होता, पण रेशनचे रॉकेल महिन्याच्या पंधरा तारखेला संपायचे.

त्या काळात गॅसला नंबर लावावा लागे. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. खासदारांच्या कोट्यातली कूपने असत, पण ती कोणाच्या घरी जात हे आमच्या वस्तीला चांगले ठाऊक होते. इंडेन गॅसची पहिली जोडणी या देशात १९६५ साली कलकत्त्यात दिली गेली. आमच्या गल्लीत पोहोचायला त्या गॅसला एकोणतीस वर्षे लागली. आता २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यापाड्यांत सिलिंडर दिसतो, भरून आणायला पैसे असोत नसोत. पण १९९४ साली आमच्या गल्लीतले ते पहिले सिलिंडर होते. शेगडी वडिलांनी बोनसमधून घेतली. पहिल्या दिवशी मायने चहा केला आणि गल्लीतल्या सात-आठ बाया तो बघायला आल्या. चहा पिण्यापेक्षा बटण फिरवून जाळ लहान-मोठा होतो कसा हे बघण्यातच त्यांना गंमत वाटत होती. एका म्हाताऱ्या आजीने तर विचारले, "धूर कोठे गेला?"

पुढे २००६ साली आमचे लग्न झाले, घरात स्टीलची नवी शेगडी आली आणि जुनी ताईच्या संसाराला धुळ्याला गेली. ताईनेही दहा वर्षे वापरून ती माळ्यावर टाकली. असो.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या आठवणी आहेत तर कोपऱ्यात ठेवा, आम्हाला कशाला सांगता? त्याचे कारण असे. आमच्या मुलीला त्याच महिन्यात धुळ्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. वसतिगृहाच्या पहिल्या यादीत तिचे नाव लागले नाही. मग तिने आणि दोन मैत्रिणींनी देवपूर भागात एक खोली पाहिली. खोली एकच. तिथेच झोपायचे, तिथेच अभ्यास, तिथेच ओटा. दोन्ही वेळची मेस तिघींपैकी कोणालाच परवडणारी नव्हती. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो, तो घ्यायचा ठरले. शेगडी तेवढी हवी होती. एसटीतून उतरल्यावर आम्ही गोणपाट अंगणात सोडले, तेव्हा मुलगीच म्हणाली, "बाबा, आजीची शेगडी मला द्या. आपण नीट करू."

माय ओसरीवर बसली होती. तिने गंज बघितला, मग आमच्याकडे बघितले आणि आपल्या अहिराणीत विचारले, "तुले हाई जमी का?"

आम्ही बी.कॉम. झालेलो, कारकुनी करणारी माणसे. वस्तीतल्या अडल्यानडल्यांचे रेशनकार्डाचे, जातपडताळणीचे, निराधार योजनेचे अर्ज आम्ही डोळे मिटून भरून देऊ शकतो. पक्कड-पान्ह्याशी मात्र आमचे फारसे जमत नाही. तरीही "जमंल" म्हणालो.

पहिल्या रविवारी आम्ही दोघे बाप-लेक मागच्या पडवीत बसलो. शेगडी उलटी केली, स्टँड काढली, बर्नर उचलले. बर्नर नुसते उचलून निघतात हे आम्हाला त्या दिवशी कळले. स्वयंपाकघरातून सहचारिणी म्हणाल्या, "वीस वर्षांत पहिल्यांदा बघताय वाटतं." दर पंचवीस डिसेंबरला आम्ही वस्तीत स्त्रीमुक्ती दिनाचे भाषण करतो, ते त्यांनी पंधरा-सोळा वेळा ऐकलेले आहे. त्यामुळे आम्ही खाली मान घालून गंज खरवडत राहिलो.

लोखंडाला गंज चढायला पाणी आणि हवा पुरते, मीठ मिळाले तर तो आणखी वेगाने चढतो. आणि आपल्या खानदेशी स्वयंपाकघरात शेगडीला जेवढे खारट पाणी प्यावे लागते तेवढे क्वचितच कोठे मिळत असेल. त्याचे कारण भरीत. आसोदा, बामणोदकडची ती मोठी, फिकट हिरवी, कमी बियांची वांगी. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते तेव्हा ही वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात. खाली माती, वर आभाळ, रस गळाला तर राखेत जातो आणि राखेचे काही बिघडत नाही. तेच वांगे आपण घरी आणतो आणि सरळ गॅसच्या स्टँडवर आडवे करतो. साल तडकते, रस उकळून गळतो. तो बर्नरच्या भोकांत जातो, बर्नरखालच्या नळीत जातो आणि खालच्या ताटलीत साचतो. वर हिरव्या मिरच्या भाजतो त्यांच्या बिया उडतात, वरणाचे मीठपाणी उतू जाते. रात्री आपण ओल्या फडक्याने वरवर पुसतो आणि खालचा ओलावा तसाच राहतो. तीस वर्षांचा हा सगळा हिशेब त्या पत्र्यावर लिहिलेला होता. मुलीने नळीत तार घातली तर आतून वांग्याच्या बियांसारखे काहीतरी जळके आणि कोळ्याचे जाळे निघाले. कोळी, झुरळे या नळीत घर करतात. त्यामुळे हवा नीट शिरत नाही, गॅस अर्धवट जळतो आणि निळा जाळ पिवळा होतो. भांड्याला खालून काजळी धरू लागली की बायका म्हणतात "गॅस खराब आला". पुष्कळदा गॅस चांगला असतो, नळी तुंबलेली असते.

एका शेजाऱ्याने सल्ला दिला की कॉस्टिक सोड्यात सगळे बुडवून ठेवा, सकाळी चांदीसारखे निघेल. नशीब की मुलगी सायन्सची. ती म्हणाली, शेगडीचे जे भाग ॲल्युमिनियमचे आहेत ते कॉस्टिक खाऊन टाकेल, वर हात भाजतील ते वेगळेच. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून लोखंडी भाग तेवढे रात्रभर ठेवले. पितळी झाकणांना चिंच आणि मीठ लावले, आपल्या आया समया-तांबे घासत आल्या तसेच. मीठ राहू नये म्हणून ती नंतर स्वच्छ धुऊन उन्हात वाळवली. जेटचे बारीक भोक मात्र आम्ही सुईने कोरायला निघालो होतो, तेव्हा मुलीने हात धरला. भोक जरा जरी मोठे झाले तरी गॅस जास्त जातो आणि जाळ बिघडतो.

गंज घासण्याचे काम चार रविवारांपैकी दोन रविवार चालले. तारेचा ब्रश, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. जुना रंग कोरडा घासू नये हे आम्ही कोठेतरी वाचले होते. जुन्या रंगांत शिसे असायचे. घरगुती रंगात शिसे फार तर ९० पीपीएम असावे असा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. आमची शेगडी त्याच्या खूप आधीची. तेव्हा पत्रा ओला करून, तोंडाला फडके बांधून घासला. शेजारची लहान पोरे पडवीत येऊ दिली नाहीत. त्यांना वाटले आम्ही काहीतरी खाऊ लपवतो आहोत.

आता आमची पहिली चूक सांगतो. रंग आणायला आम्ही एकटेच गेलो. हार्डवेअरवाल्याने विचारले, "कशाला मारायचाय?" आम्ही म्हणालो, "लोखंडाला." त्याने चंदेरी ऑइलपेंट दिला. त्याची काही चूक नाही, आम्ही विचारलेच तेवढे. आम्ही हौसेने बॉडीला मारला, पायांना मारला आणि सुंदर दिसतो म्हणून स्टँडलाही मारला. पावसाळी हवेत तो तीन दिवस वाळेना. चौथ्या दिवशी शेगडी पेटवली आणि कौतुकाने वर वांगे ठेवले, म्हटले मायला भरीत करून घालू. पाच मिनिटांत स्टँडवरचा रंग फुगला, धूर झाला आणि घरभर असा वास सुटला की माय ओसरीवरून उठून गल्लीत गेली. तीस वर्षांपूर्वी तिला धुरातून सोडवणारी शेगडी तिला पुन्हा धुरात घालत होती आणि हे काम आम्ही स्वतःच्या हातांनी केले होते. वांगे फेकून दिले. ते कोणाला खाऊ घालावे असे राहिलेच नव्हते.

मग दुसऱ्या दुकानात जाऊन सगळी हकीकत सांगितली, तेव्हा कळले की उष्णता सोसणारा ॲल्युमिनियम रंग वेगळा मिळतो. त्याच्या डब्यावर किती अंशांपर्यंत टिकतो ते लिहिलेले असते. आमच्यावर ४०० होते. दुकानदार स्प्रेची डबीही दाखवत होता, पण तिच्या मागे ज्वाला काढलेली होती. असल्या डब्यांत रंग बाहेर ढकलायला बहुधा स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा वायू भरलेला असतो. स्वयंपाकघराशेजारी तो फवारायचा म्हणजे काय ते तुम्हीच समजा. आम्ही ब्रशवर समाधान मानले. आधीचा सगळा रंग थिनरने काढला, पुन्हा घासला आणि नवा रंग पातळ करून दोन हात दिला, तोही बाहेरच्या पत्र्याला आणि पायांना. बर्नरला नाही, नळीला नाही, जिथे कॉक बसतो तिथे नाही, आणि स्टँडला तर मुळीच नाही. स्टँडवर आपल्याकडे वांगे टेकते, मिरची टेकते, पापड टेकतो, म्हणजे तो रंग पोटातच जायचा. मायने सांगितले, नवा लोखंडी तवा जसा तेल लावून तापवून तयार करतात तसा स्टँड तयार करा. तो प्रयोग चांगला झाला, पण एका स्टँडचा एक दात गंजाने इतका झिजला होता की पातेले डगमगायचे. शेवटी स्टीलचे दोन नवे स्टँड आणले.

रंग पक्का होण्यासाठी तो हळूहळू तापवावा लागतो. पहिल्या दिवशी मंद जाळावर दहा मिनिटे, मग थंड, मग थोडा जास्त. तेव्हा थोडा वास येतोच, म्हणून ते काम पडवीत केले. तिसऱ्या दिवशी वास गेला. शेगडी अशी चकाकत होती की गल्लीतले दोघे-तिघे येऊन बघून गेले. एकाने तर आपली शेगडीही घासून द्या म्हणून विचारले. आम्ही फुशारून गेलो होतो हे कबूल करतो. आणि त्या फुशारकीतच दुसरी चूक झाली.

कॉक घट्ट फिरत होते. आतले ग्रीस वाळलेले. आम्ही बटणे काढली, दांडे उपसले आणि सायकलला लावतो ते ग्रीस लावून पुन्हा बसवले. बटण लोण्यासारखे फिरू लागले. नळीच्या जोडावर साबणाचे पाणी लावले, बुडबुडा आला नाही. म्हटले झाले काम. जाळाचा रंग अंधारात नीट कळतो म्हणून त्या रात्री शेगडी स्वयंपाकघरात आणून घरच्या सिलिंडरला जोडली, दिवा मालवून निळा जाळ सगळ्यांना दाखवला, बटणे बंद केली आणि झोपलो. रेग्युलेटर बंद करायचा राहिला.

अर्ध्या-पाऊण तासाने सहचारिणींनी हलवले. "वास येतोय." आम्ही झोपेत उठलो आणि सवयीने दिव्याच्या बटणाकडे हात नेला. त्यांनी तो हात मनगटापाशी इतका जोरात धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता. "दिवा लावू नका!" अंधारातच त्या चाचपडत स्वयंपाकघरात गेल्या, रेग्युलेटर बंद केला, मागचे दार उघडले, मग पुढचे. पंखासुद्धा लावू दिला नाही. माय आणि मुलगी खाली सतरंजीवर झोपल्या होत्या, त्यांना अंगणात काढले. आम्ही चौघेजण पावसाच्या बारीक थेंबांत रात्री साडेअकरा वाजता अंगणात उभे होतो.

हे सगळे त्यांना कसे ठाऊक? सिलिंडरबरोबर येणारी सूचनांची पुस्तिका त्यांनी कधीच वाचून ठेवली होती. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम दुर्गंधी पदार्थ मिसळतात. दिव्याचे बटण दाबताना आत जी बारीक ठिणगी पडते तीसुद्धा पुरते. गळतीची तक्रार करायला १९०६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तोही त्यांनी कपाटाच्या दाराच्या आतून खडूने लिहिलेला निघाला. आमच्या घरात ही माहिती होती आणि आम्हालाच ती नव्हती.

घर मोकळे झाल्यावर सगळे आत आलो. झोप कोणालाच नव्हती. सहचारिणी चिडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. एवढेच विचारले, "ही शेगडी तिच्या खोलीत जाणार. तिथं त्या पोरी ओट्याखालीच अंथरूण टाकणार. मग इथं तुम्हाला झोप लागेल का?"

आम्ही काही बोललो नाही. काय बोलणार? ऐंशी रुपयांच्या भंगाराला आम्ही चकाकी आणली होती आणि जिथून गॅस जातो तिथे सायकलचे ग्रीस भरले होते.

दुसऱ्या दिवशी गॅस एजन्सीचा मेकॅनिक बोलावला. वयस्कर माणूस. त्याने कॉकच्या दांड्यावर साबणाचे पाणी सोडले आणि बोराएवढा बुडबुडा फुगला. आम्ही नळीचा जोड तपासला होता, पण कॉक तपासलाच नव्हता. तो म्हणाला, "साहेब, पत्रा तुम्ही घासा, रंगवा, आरसा करा. पण गॅस जातो तिथं हात घालू नका. हे साधं ग्रीस या गॅसपुढे टिकत नाही, आणि हे कॉक तसेही झिजलेत." त्याने आतला पाइप, दोन्ही कॉक आणि जेट आयएसआय शिक्क्याचे नवे बसवले. आम्ही विचारले, जुनेच थोडे घासून नाही का चालणार? तो नुसता आमच्याकडे बघत राहिला. मुलगी त्याच्या शेजारी उकिडवी बसून सगळे बघत होती. शेवटी त्याने साबणाचे पाणी तिच्या हातात दिले आणि प्रत्येक जोड तिच्याकडून तपासून घेतला. नळीही केशरी रंगाची, आत तार असलेली सुरक्षा नळी नवी घेतली. तिच्यावर छापलेली तारीख तिने वहीत लिहून ठेवली. ही नळी पाच वर्षांनी बदलायची असते. आमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातली नळी कधीची आहे ते मग बघितले. तारीख पुसली गेली होती. तीही बदलली.

आता हिशेब. कारकुनाला हिशेबाशिवाय चैन पडत नाही. पॉलिश पेपर आणि ब्रश ११०, वाया गेलेला ऑइलपेंट १४०, उष्णतेचा रंग २६०, थिनर ९०, स्टँड २४०, कॉक-पाइप-जेट मजुरीसह ६५०, नळी १९०. एकूण १,६८०. बाजारात दोन बर्नरची साधी स्टीलची शेगडी आम्ही विचारली तेव्हा १,९०० ला होती. म्हणजे वाचले २२०. त्यातून भंगारवाल्याचे बुडालेले ८० वजा करा. चार रविवार, एक पांढरी पँट आणि एक वांगे आम्ही धरलेच नाही. घसाऱ्याच्या नियमाने तर या शेगडीची पुस्तकी किंमत केव्हाच शून्य झाली होती. कोणी विचारले की जुनी शेगडी दुरुस्त करावी का, तर आम्ही हा कागद दाखवतो. पैसे वाचवण्यासाठी करायची असेल तर करू नका. पत्र्याला आरपार भोके असतील, तळ हलत असेल, तरीही करू नका. आणि कॉक बदलायची तयारी नसेल, तर ताईच्या दारातला भंगारवालाच बरा.

सप्टेंबरात आम्ही ती पुन्हा एसटीने धुळ्याला नेली. या वेळी गोणपाट नव्हते, मायने तिची जुनी साडी गुंडाळून दिली होती. मायही बरोबर यायचे म्हणत होती, पण गुडघ्यांमुळे राहिली. देवपूरच्या त्या खोलीत खिडकी होती, तीही ओट्याच्या वर. दाराला खालून दोन बोटे फट होती. एरवी आम्ही घरमालकाला ती बुजवायला सांगितली असती, उंदीर येतात म्हणून. जड गॅस साचलाच तर थोडाफार याच वाटेने बाहेर जाईल. आम्ही वाकून फट बघत होतो, तर घरमालकाला वाटले आम्ही भाडे कमी करायला खोट काढतो आहोत.

मुलीने मैत्रिणींना जवळ बोलावून आधी सगळे समजावले. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद. वास आला तर दिवा नाही, पंखा नाही, मोबाइलसुद्धा नाही. दार उघडायचे आणि बाहेर जाऊन १९०६. शेगडी ओट्यावर, सिलिंडर खाली उभा. ओल्या फडक्याने पुसले की कोरड्याने पुन्हा पुसायचे. मग तिने साबणाचे पाणी लावून एकेक जोड बघितला, कॉकचे दांडे सर्वांत आधी. आम्ही मधे बोलायला गेलो तर म्हणाली, "बाबा, तुम्ही तिकडे बसा." मग तिने चहा ठेवला. जाळ निळा होता.

डिसेंबरात तिचा फोन आला. आसोद्याकडची वांगी धुळ्याच्या बाजारात मिळाली होती, तिघींनी भरीत केले होते. "छान झालं, पण डावा बर्नर मधूनच पिवळा जळतो," ती म्हणाली. आम्ही लगेच सांगू लागलो की नळी तुंबली असेल, आधी बर्नर थंड होऊ दे, मग उचल. ती हसली. "ते केव्हाच केलं, बाबा. बिया निघाल्या. आईला फोन द्या, तिला विचारायचंय की वांग्याखाली ताटली ठेवली तर रस कुठं जातो."

आम्ही फोन सहचारिणींकडे दिला. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या, बर्नर पुसत. दुसरे फडके आमच्याकडे फेकून त्यांनी फोन कानाला लावला.